एक्स्टेंशनची पिन वितळली, पण वायरवर तर आयएसआय होतं!

अनु_इंदिरानगर
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही वैतागून.

गेल्या आठवड्यात नाशकात काय गारठा होता ते सांगायला नको. आई पहाटे पाचला पूजेला बसते, म्हणून तिच्यासाठी माळ्यावरचा २००० वॉटचा रूम हीटर काढला. देवघराजवळ पॉवर पॉइंट नाही, साधा छोटा पॉइंट आहे. मग मेनरोडवरच्या एका दुकानातून एक्स्टेंशन बोर्ड आणला (नाव देत नाही, उगाच वाद नको). खोक्यावर ठळक अक्षरात 'हेवी ड्यूटी'. मी शहाणपणा करून विचारलंसुद्धा, "आयएसआय आहे ना?" त्याने वायर उलगडून त्यावर छापलेली खूण दाखवली. मी खूश.

तिसऱ्या दिवशी पहाटे आईचा आवाज, "अगं, देवघरात मासळीचा वास कुठून येतोय?" आमच्याकडे मासळी! येऊन बघते तर बोर्डाची पिन भिंतीतल्या सॉकेटला चिकटून बसलेली. मेन स्विच बंद करून ओढली, तर एका पायाच्या बुडाचं प्लास्टिक च्युइंगगमसारखं तार धरत बाहेर आलं. त्या पायाभोवती तपकिरी फुगे. सॉकेटचं तोंडही काळं. आणि एवढं होऊन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही!

मग ते आयएसआय नेमकं कशाचं होतं? या पिना-वायरींची तपासणी खरंच होते का, की नुसता शिक्का? आणि पुढच्या वेळी दुकानात उभं राहून मी काय बघायचं?

मिसळपंथी
पहिला! चहा घेऊन बसलोय.

रोखठोक_सिडको
राग मानू नका, पण चूक तुमची आहे. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. छोटी पिन ६ अँपिअरची. हातगाडीवर ट्रकचा माल लादलात आणि आता हातगाडीवाल्याला विचारताय की आयएसआय आहे का. हीटरची स्वतःची पिन जाड होती ना? ती काय शोभेला दिली होती?

अनु_इंदिरानगर
रोखठोक, मान्य. पण माझा मुद्दा ऐका. हीटरची जाड पिन त्या बोर्डात आरामात बसली, कारण बोर्डाला मोठी-छोटी दोन्ही भोकं आहेत. बोर्डाची स्वतःची पिन मात्र छोटी. म्हणजे बनवणाऱ्यानेच १६ अँपिअरचं दार उघडं ठेवलं आणि मागे ६ ची गल्ली. मी इंजिनियर नाही, भोकात बसलं म्हणजे चालतं असंच समजणार ना?

रोखठोक_सिडको
हं. हा मुद्दा आहे खरा. अर्धे शब्द मागे.

सातपूरकर_काका
अनुताई, मी सातपूरला एका कारखान्यात टेस्टिंगला बावीस वर्षं काढली. स्विच, सॉकेट, पिन टॉप हेच आमचं विश्व. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी तुमचा पहिला प्रश्न. वायरवरची खूण ही फक्त वायरची. पीव्हीसी वायरचं मानक आयएस ६९४. पिन आणि सॉकेटचं मानक वेगळं, आयएस १२९३. कॉम्प्युटरच्या मागे घुसतं त्या टोकाचं आणखी वेगळं, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६०३२०. म्हणजे एका कॉर्डच्या दोन टोकांना आणि मधल्या वायरीला असे तीन जन्मदाखले लागतात. दुकानदाराने तुम्हाला मधला दाखवला. खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. पिनच्या अंगावर, पायांच्या मधल्या सपाट भागावर खूण कोरलेली असते, ती बघायची. खुणेच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये (बीआयएस म्हणजे ही खूण देणारी सरकारी संस्था) टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या मालाचा, चालू आहे का, सगळं कळतं.

आता तपासणी. आपलं आयएस १२९३ बरंचसं आयईसी ६०८८४-१ च्या धर्तीवर आहे. नवा माणूस आमच्या लॅबमध्ये आला की आधी ड्रमपाशी उभा राहायचा. लोखंडी पिंप आडवं फिरत असतं, मिनिटाला पाच फेरे. आत पिन टाकायची. ती पन्नास सेंटीमीटरवरून पोलादी पत्र्यावर धडाधड आपटत राहते. १०० ग्रॅमपर्यंतच्या पिनला असे १००० आघात. दीड तासाच्या वर तो खडखडाट चालायचा, आम्ही कानात कापूस घालून डबा खायचो. शेवटी पिन तडकता कामा नये, पाय सैल होता कामा नयेत, सॉकेटमध्ये नीट गेली पाहिजे.

मग वायर जिथे पिनमधून बाहेर पडते तिथली परीक्षा. टोकाला वजन लटकवून पिन दोन्ही बाजूंना डुलवायची, मिनिटाला साठ वेळा, एकूण १०,००० वेळा. जवळजवळ पावणेतीन तास. घरी इस्त्रीची वायर नेमकी तिथेच तुटते की नाही? म्हणून ही परीक्षा.

आणि माझी आवडती, ग्लो वायर. ४ मिलिमीटर जाडीच्या निकेल-क्रोमच्या तारेचा वेटोळा लालबुंद करायचा आणि प्लास्टिकवर ३० सेकंद टेकवायचा. भिंतीतल्या सॉकेटचा जो भाग वीज वाहणारा धातू धरून ठेवतो त्याला ८५० अंशांची तार. खाली लाकडी फळीवर टिश्यू पेपर अंथरलेला. प्लास्टिक पेटलं तरी चालेल, पण तार काढल्यावर ३० सेकंदांत विझलं पाहिजे, आणि जळता थेंब पडून खालचा कागद पेटला तर सगळा लॉट नापास. एकदा एका पुरवठादाराने 'आधीसारखंच' म्हणून प्लास्टिकचा स्वस्त दाणा (कच्चा माल) दिला होता. तार टेकवली आणि मेणबत्तीसारखे थेंब टपकले. कागद भुर्रकन गेला. साहेब शेजारीच उभे होते, काहीच बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. त्या पुरवठादाराचा ट्रक दुपारीच परत गेला.

मासळीच्या वासाचंही सांगतो. युरिया फॉर्माल्डिहाइड जातीचं प्लास्टिक तापलं की तसाच वास सुटतो. स्विच-सॉकेटात ते पूर्वीपासून वापरतात. तेव्हा शाकाहारी घरात मासळीचा वास आला तर शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात डोकावण्याआधी आपले सॉकेट हुंगा.

मिसळपंथी
काका, शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावतोय. दोन वर्षांचं भांडण मिटेल.

चिवडा_बारीक
लेख वाचल्यासारखं वाटलं काका. एक शंका: एमसीबी का पडला नाही? त्याचं कामच ते ना?

सातपूरकर_काका
चिवडाराव, एमसीबीला आतून कितीचा करंट जातोय एवढंच कळतं. १६ चा एमसीबी, करंट ८.७. त्याच्या लेखी सगळं आलबेल. पिन सैल बसलीय, तिथे भाजतंय, हे त्याला दिसत नाही. समजा पिन आणि सॉकेटच्या पत्तीत एक दशांश ओहम एवढाच अडथळा झाला. ८.७ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे साडेसात वॉट. एका एलईडी बल्बएवढी वीज, पण ती सगळी उष्णता होऊन ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. पत्ती तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की अडथळा वाढतो, की आणखी तापते. हे रहाटगाडगं एकदा सुरू झालं की पिन वितळूनच थांबतं. आरसीसीबीही इथे काही करत नाही, तो गळणाऱ्या करंटचा पहारेकरी, ३० मिलिअँपिअरवाला.

मानकात म्हणून सॉकेट ५००० वेळा घालून-काढून झाल्यावर पुन्हा तापमान बघतात. ते ४५ अंशांहून जास्त वाढलेलं चालत नाही. नवं असताना सगळेच पास होतात हो, झिजल्यावर कळतं कोण काय आहे.

वायरमन_भाऊ
काकांनी एक नंबर लिहिलंय. आता फिल्डवरचं आमचं ऐका. पंचवटी, मखमलाबाद, म्हसरूळ हा आपला एरिया. थंडीच्या दोन महिन्यांत दहा कॉल आले तर सहा जळालेल्या पिनचे. गिझर, रॉड, हीटर. दरवेळी तीच गोष्ट, लूज कॉन्टॅक्ट.

आणि पब्लिक काय करतं माहितीये का. दोन पायांची पिन जात नाही म्हणून वरच्या अर्थच्या भोकात पेन घालून शटर उघडतात नी दाबून बसवतात. अहो ते शटर पोरांनी खिळा घालू नये म्हणून दिलंय. काही काही तर पिनच लावत नाहीत, उघडी वायर घालून वरून काडेपेटीची काडी ठोकतात. मी एकाकडे विचारलं, काका हे काय, तर म्हणे वीस वर्षं चाललंय. म्हटलं हो, काडी पेटायचीच ठरली तर बाहेर कशाला जायचं.

अनुताई तुमच्या देवघराला मीटरपासून वेगळी वायर ओढून १६ चा पॉइंट करून घ्या. अडीच चौरस मिलिमीटरची वायर टाकायची.

जुनी_नाशिककर
आमच्याकडे अजून सासऱ्यांच्या वेळच्या काळ्या बॅकेलाइटच्या पिना आहेत. दगडासारख्या. पडल्या तर टवका उडतो पण वितळत म्हणून नाहीत. हल्लीचं सगळंच मऊ. जुनं ते सोनं उगाच नाही म्हणत.

सातपूरकर_काका
वहिनी, बॅकेलाइट वितळत नाही हे खरं, तो एकदा घट्ट झाला की झाला. पण तडा गेलेली बॅकेलाइटची पिन घरोघरी चिकटपट्टी गुंडाळून वापरतात, ते जास्त भयंकर. तुमच्या घरी नसेलच.

जुनी_नाशिककर
...एक आहे. मिक्सरला. आज काढते.

घाऊक_व्यापारी
थोडी दुसरी बाजू. माझा याच मालाचा धंदा आहे, रविवार कारंजापासून फार लांब नाही. सगळे दुकानदारावर तुटून पडलेत म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक येतं, मी खूण असलेली पिन दाखवतो, किंमत ऐकून म्हणतं, "पिन आहे भाऊ, मंगळसूत्र नाही घ्यायचंय." शेजारच्या दुकानात निम्म्या किमतीत बिनखुणेची मिळते. गिऱ्हाईक तिकडे. मी काय फक्त नैतिकता विकू? दुसरं, खूण असली म्हणजे माल सोन्याचा असं नाही. परवाना नमुन्यावर मिळतो. वर्षानंतर कारखान्यात कोणता दाणा पडतोय ते रोज कोण बघतं? खुणेचा ठसा तर साच्यात कुणीही कोरून घेतो. परवान्याची फी, लॅबची फी, हे छोट्या कारखानदाराला झेपत नाही, म्हणून अर्धा बाजार चोरवाटेने चालतो.

रोखठोक_सिडको
व्यापारीसाहेब, "शेजारचा विकतो म्हणून" हे वाक्य अण्णांच्या गुटख्याच्या टपरीवर पण ऐकलंय मी.

घाऊक_व्यापारी
रोखठोक, तुम्ही शेवटची पिन घेतलीत तेव्हा खूण बघितली होती का? खरं सांगा.

रोखठोक_सिडको
पुढचा प्रश्न.

सातपूरकर_काका
व्यापारीसाहेबांचं निम्मं बरोबर आहे. परवाना एकदा मिळाला की संपलं असं नसतं. कारखान्यात स्वतःची तपासणी ठेवावी लागते, बीआयएसवाले येऊन आणि बाजारातूनही नमुने उचलतात. पण सगळीकडे पोचतात असं मी म्हणणार नाही, बावीस वर्षं त्या टेबलाच्या अलीकडे बसलोय. खोट्या ठशाचं मात्र औषध आहे, ते म्हणजे परवाना क्रमांक. ठसा कोरणारा क्रमांकात हमखास फसतो. एकतर नसतोच, नाहीतर पंख्याचा नंबर पिनवर असतो.

गोदाप्रवाह
आपल्याकडे शिलापूरला सीपीआरआयची (वीज उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) प्रयोगशाळा झालीय की. अनुताईंनी ती जळकी पिन तिथेच नेऊन द्यावी.

चिवडा_बारीक
तिथे मुख्यतः ट्रान्सफॉर्मर, मीटर वगैरे मोठा माल. सिक्युरिटीवाला विचारेल, "मॅडम, डबा आणलाय का?"

निशा_बर्मिंगहॅम
माहेर कॉलेज रोड, सध्या मुक्काम इंग्लंड. इथल्या पिनबद्दल सांगते. इथली पिन अवाढव्य असते, जमिनीवर उलटी पडली आणि पाय पडला तर आजीसुद्धा आठवते. पण तिच्या पोटात फ्यूज असतो. १९४७ च्या मानकातली ही पिन, बीएस १३६३. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती म्हणून घरभर एकाच मोठ्या वर्तुळाकार वायरीवर सगळी सॉकेट टाकायची पद्धत निघाली. त्या वायरीला ३० अँपिअरचं संरक्षण, मग टेबललॅम्पच्या बारीक वायरीला कोण वाचवणार? म्हणून प्रत्येक पिनमध्ये तिचा तिचा फ्यूज, ३ चा किंवा १३ चा. १९९४ च्या नियमांपासून घरगुती उपकरण पिन लावूनच विकावं लागतं. इथली तरुण पोरं पिन जोडायला शिकतच नाहीत.

गंमत म्हणजे आपली तीन गोल पायांची पिन मूळची ब्रिटिशांचीच, बीएस ५४६, १९३४ सालची. ते स्वतः पुढे गेले, आपण आणि दक्षिण आफ्रिका जाड पिन घेऊन बसलो.

चिवडा_बारीक
म्हणजे क्रिकेटसारखंच. त्यांनी सोडलं, आपण धरलं.

उगाच_शंका
जगात एकच पिन का करत नाहीत पण? चार्जरचं झालं तसं.

सातपूरकर_काका
प्रयत्न झालाय. आयईसी ही संस्था १९०६ मध्ये लंडनला स्थापन झाली, पहिले अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन. तिने १९८६ मध्ये सगळ्या जगासाठी म्हणून एका पिनचं मानक काढलं, आता त्याला ६०९०६-१ म्हणतात. ब्राझीलने बदल करून घेतली, दक्षिण आफ्रिकेने नव्या घरांसाठी घेतली. बाकी जग जागचं हललं नाही. भिंतीतली सॉकेट कोण उपटणार? तेव्हा आजची स्थिती अशी, की पिन कशी तपासायची यावर बऱ्यापैकी एकमत आहे आणि पिन कशी दिसायची यावर अजिबात नाही.

देवळाली_टू_ड्युसेलडॉर्फ
इथे माझा अनुभव टाकतो. तिकडून परत येताना जर्मन कॉफी मशीन आणलं. त्यांची शुको पिन आपल्या छोट्या सॉकेटमध्ये गेली की मस्त. मी म्हटलं, बघा, ॲडॉप्टरचे पैसे वाचले. पंधरा दिवसांनी मशीनच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. वायरमनने उलगडा केला. जर्मन पिनचं अर्थिंग पायात नसतं, कडेला दोन पट्ट्या असतात. आपल्या सॉकेटला कडेला काय आहे? काही नाही. म्हणजे मशीनला अर्थिंगच मिळत नव्हतं. शिवाय त्यांचे पाय ४.८ मिलिमीटरचे, आपली भोकं ५.१ च्या पायासाठी. मधलं अंतर मात्र जवळपास तेच, १९ मिलिमीटर, म्हणून घात झाला. नसतीच बसली तर बरं झालं असतं.

आणि ते सगळ्या देशांची पिन बसणारं 'युनिव्हर्सल' सॉकेट? जे सगळ्यांना बसतं ते कुणालाच घट्ट बसत नाही.

सुनंदा_काकू
मेली ती किटली! आमच्या किटलीची वायर खराब झाली म्हणून मुलाने कॉम्प्युटरची लावायला घेतली. जाईना. मध्ये एक छोटा उंचवटा आड येत होता. पठ्ठ्याने कानस घेतली. वेळेत बघितलं म्हणून बरं.

सातपूरकर_काका
काकू, मुलाच्या हातून कानस काढून घ्या. तो उंचवटा मुद्दाम दिलेला असतो. कॉम्प्युटरचं टोक, सी-१३, ७० अंशांपर्यंतच्या जागेसाठी. किटलीचं सी-१५, १२० अंशांसाठी. किटलीची वायर कॉम्प्युटरला चालते, उलटं होऊ नये म्हणून ती अडचण ठेवलीय. कुणीतरी समितीत बसून तुमच्या मुलाचा आधीच विचार केला होता!

उगाच_शंका
अजून एक. जुन्या पिनच्या पायाला मध्ये चीर असते ती कशाला? आम्हाला शाळेत सांगितलं होतं की पितळ तापून फुगतं म्हणून जागा ठेवतात.

वायरमन_भाऊ
चीर स्प्रिंगसाठी हो. पाय सैल झाला की स्क्रूड्रायव्हर घालून चीर जरा फाकवायची, घट्ट बसतो. अर्थचा पाय जाड आणि लांब का ते पण सांगतो. जाड म्हणजे चुकून फेजच्या भोकात जायला नको. लांब म्हणजे घालताना अर्थ आधी लागतो, काढताना शेवटी सुटतो.

मंडळाचा_कार्यकर्ता
गणपतीत आम्ही काय काय केलंय ते इथे लिहिलं तर ॲडमिन धागा बंद करतील. एका पॉइंटवर साऊंड, हॅलोजन आणि प्रसादाचा मिक्सर. आता विचार येतो की २०२७ च्या सिंहस्थात तपोवनात, साधुग्रामात एवढे तंबू पडणार, तिथे वायरिंगचं काय?

सातपूरकर_काका
मोठ्या मांडवांना घरगुती पिन वापरायचीच नसते. डेकोरेटरकडे निळ्या-लाल जाड गोल पिना बघितल्या असतील, आयईसी ६०३०९ वाल्या. निळी २३० व्होल्टची, लाल ४०० ची. पाणी उडालं तरी चालतील अशा मिळतात आणि वेगळ्या व्होल्टेजची एकमेकीत जातच नाही. महाग असतात म्हणून छोटे मंडपवाले टाळतात.

मिसळपंथी
धाग्याला एवढे फाटे फुटलेत की आता धाग्यालाच एक्स्टेंशन बोर्ड लागेल.

चिवडा_बारीक
आयएसआय बघून घ्या. पिनवरचं.

नवी_सदस्या_गंगापूररोड
माझ्या लॅपटॉपच्या वायरवर आयएसआय नाही पण सीई आहे. ते चालेल ना? परदेशी आहे म्हणजे चांगलंच असेल.

देवळाली_टू_ड्युसेलडॉर्फ
सीई म्हणजे युरोपातल्या बाजारात विकायला "आमचा माल नियमात बसतो" असं बहुतेक वेळा बनवणाऱ्यानेच दिलेलं स्वतःचं प्रमाणपत्र. प्रत्येक वेळी तिसऱ्या कुणी तपासलंय असं त्यातून कळत नाही. त्रयस्थ संस्थेची खूण हवी तर जर्मनीची व्हीडीई, अमेरिकेची यूएल. पण आपल्याकडची पिन आणि वायर असेल तर आपलंच चिन्ह बघा.

अनु_इंदिरानगर
मंडळी, किती लिहिलंत! काल सुट्टी होती, मी कात्री, पक्कड आणि फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन बसले. पोस्टमॉर्टेम अहवाल:

वायर: छापलेला सीएम/एल क्रमांक ॲपमध्ये टाकला. परवाना चालू आहे आणि पीव्हीसी वायरचाच आहे. ०.७५ लिहिलंय. एका गाभ्यातल्या बारीक तारा सुटवून मोजल्या, २४ भरल्या. खरवडून बघितली, आतून पण तांबडीच.

पिन: अंगावर काहीच नाही. ना खूण, ना क्रमांक, ना अँपिअर. फक्त एक कमळ. लोहचुंबक जवळ नेलं तर टक्कन चिकटलं. म्हणजे वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड. अर्थच्या पायाला वायर जोडलेलीच नव्हती, कारण वायर मुळात दोनच गाभ्यांची!

वायरमन_भाऊ
ताई हे असलं रोज बघतो. अर्थचा पाय निव्वळ शटर उघडायला दिलेला असतो.

सातपूरकर_काका
शाबास अनुताई, आमच्या लॅबमध्ये जागा असती तर घेतलं असतं. २४ तारा, प्रत्येकी ०.२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ०.७५ चौरस मिलिमीटर. वायर प्रामाणिक आहे. पण तिलाही ८.७ अँपिअर जास्तच होता. ०.७५ च्या वायरीचा रोध किलोमीटरला २६ ओहमपर्यंत. तुमची वायर किती लांब?

अनु_इंदिरानगर
पाच मीटर. आणि तीन मीटर गुंडाळून रबर लावून सोफ्यामागे.

सातपूरकर_काका
जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.२६ ओहम. त्यात जवळपास २० वॉट उष्णता. सरळ पसरलेली असती तर हवेत गेली असती, गुंडाळी केलीत म्हणजे रजईत गुंडाळलंत. पिन आधी गेली म्हणून वायर वाचली म्हणायची.

रोखठोक_सिडको
म्हणजे मी बरोबर होतो आणि अनुताईही बरोबर होत्या. असा धागा मी इथे पहिल्यांदा बघतोय. काहीतरी चुकतंय.

घाऊक_व्यापारी
अनुताई, दुकानदाराकडे परत गेलात का? खरंच विचारतोय.

अनु_इंदिरानगर
गेले ना. पिन, लोहचुंबक, ॲप सगळं काउंटरवर मांडलं. आधी म्हणाला, "मॅडम, हीटर लावायचा नसतो याला." मी 'हेवी ड्यूटी' कडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "ते डिझाइन आहे." शेवटी पैसे परत दिले, पण बाकीचे बोर्ड मांडणीवर तसेच. मी निघताना एक काका तोच बोर्ड हातात घेऊन बघत होते. त्यांना पिनवर खूण शोधायला सांगितली. दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं की आता त्या गल्लीतून पुढचे सहा महिने फिरकायची सोय नाही.

वायरमन_भाऊंच्या सल्ल्याने देवघराशेजारी वेगळी वायर ओढून १६ चा पॉइंट झाला. तीन तास, भिंतीला एक खाच, आणि आईचा ओरडा, "रंग परवाच दिला होता!"

मिसळपंथी
आता हीटर जोरात?

अनु_इंदिरानगर
थंडी गेली हो. नव्या पॉइंटला आईने मोबाईल चार्जिंगला लावलाय.